दुसऱ्यांदा विचारतील म्हणून

तीस वर्षं मी कांदिवलीच्या एका मराठी शाळेत भूगोल शिकवला आणि तीस वर्षं कंकणद्वीपाच्या धड्याला हातातली बांगडी काढली. खिचडीची स्टीलची ताटली घ्यायची, तिच्यात पाणी ओतायचं, पाण्यात निळ्या शाईचे दोन थेंब टाकायचे आणि मधोमध बांगडी ठेवायची. बांगडीच्या बाहेर महासागर. आत खारकच्छ, म्हणजे अडकून राहिलेलं उथळ, शांत पाणी. आणि बांगडीची जेवढी काच, तेवढीच जमीन. जुना ज्वालामुखी हळूहळू खाली बसला, त्याच्या कडेने प्रवाळ वाढत राहिलं, शेवटी डोंगर बुडाला आणि कडा तेवढी उरली, असं मी सांगायचे. मुलं मन लावून बघायची, कारण शाई सांडायची शक्यता असायची. दरवर्षी कुणीतरी विचारायचंच, "बाई, तिथे माणसं राहतात?"

"राहतात थोडीफार," मी म्हणायचे. "चला, पुढचा धडा."

त्या थोड्याफार माणसांतली तीन आता माझी आहेत. मुलगा, सून आणि पाच वर्षांची नात.

वर्गातल्या नकाशावर तो देश म्हणजे कागदावर माशी बसून गेल्यासारखे काही ठिपके होते. तेहतीस बेटं, आणि ती इतकी पसरलेली की विषुववृत्त आणि एकशेऐंशी रेखावृत्त दोन्ही त्यांच्यामधून जातात. मी किरिबाती म्हणायचे. "आई, लिहितात तसं, पण म्हणतात किरिबास," असं मुलाने फोनवर सांगितलं तेव्हा मी निवृत्त झालेले होते. तीस वर्षांच्या मुलांना आता कुठे शोधून दुरुस्त करू?

मुलगा जहाजावर इंजिनात होता. एकदा जहाज दुरुस्तीला फिजीत थांबलं आणि हाही तिथेच थांबला, एका वर्कशॉपमध्ये नोकरी धरून. तिथे ही मुलगी नर्सिंग शिकत होती. लग्न झाल्यावर दोघं तिच्या बेटावर गेली. तिथे नदी नाही, विहीर खोदली तर हातभर खाली मचूळ पाणी. मुलगा समुद्राचं पाणी गोडं करणारी यंत्रं सांभाळतो. दहिसर नदीच्या काठी वाढलेला मुलगा आणि हे त्याचं काम. आमचे हे यावर खूप हसले होते.

सात वर्षांपूर्वी दोघं इथे येऊन गेली. सुनेबद्दल माझ्या मनात धाकधूक होती, पण पहिल्याच दुपारी तिने बांगड्याचं डोकं उचललं आणि असं साफ केलं की ताटात फक्त हाड उरलं. मासे खाणारं माणूस लगेच ओळखू येतं. दहिसरच्या बाजारात तिला अळूची जुडी दिसली तेव्हा ती हसायला लागली. त्यांच्याकडे अळूला खड्डे खणतात, खालच्या पाण्याची ओल लागेपर्यंत, आणि ती पानं माणसाच्या डोक्याच्या वर जातात. नारळ त्यांचा, नीरफणस त्यांचा, केवड्याच्या पानांच्या चटया त्यांच्या. मला वाटलं, माझी मालवणची माणसं एवढ्या लांब जाऊन बसली कशी? तिने सांगितलं की तिचे वडील आणि भाऊ सकाळ-संध्याकाळ माडावर चढून माडी काढतात आणि वर बसून मोठ्याने गाणी म्हणतात, म्हणजे खाली आंघोळ करणाऱ्या बायकांना कळतं की वर कुणीतरी आहे. हे तिने अगदी सहज सांगितलं. माझे आजोबा माडी काढायचे, हे मी शाळेत तीस वर्षांत एकाही बाईला सांगितलं नव्हतं. तिला सांगितलं. आजोबा गात नसत, चढण्याआधी जोरात खाकरत, हेही सांगितलं. ती आली आणि मला चिकटून बसली.

मात्र तिच्या दोन सवयींनी मी पार हैराण झाले. एक म्हणजे ती सरळ मागायची. माझी हिरवी सुती साडी तिने पाहिली आणि म्हणाली, "आई, मला ही आवडली. मला दे." मी दिली, पण माझं डोकं फिरलं. रात्रीची वाट न बघता मालवणला मोठ्या बहिणीला फोन लावला.

"अगो, मागान घेता मा? चोरता तर नाय!" बहीण म्हणाली आणि वर हसली.

दुसरी सवय त्याहून वाईट. ती आग्रह करत नसे. वाढायला बसली की एकदा विचारायची, "आई, भात?" मी म्हणायचे, "नको गं." ती भाताचं भांडं उचलून आत नेऊन ठेवायची. माझ्याच घरात मी तीन दिवस अर्धपोटी उठले. चौथ्या दिवशी तिने बॅगेतून केवड्याच्या पानांची चटई काढली. तिच्या आजीने विणलेली, काठाला तपकिरी नक्षी, हाताला मऊसूत. मी म्हटलं, "किती सुंदर आहे!" तिने ती माझ्या पलंगावर अंथरली. "तुला हवी?"

"छे छे, नको गं, आजीची आहे तुझ्या."

तिने चटई गुंडाळली आणि परत बॅगेत ठेवली. मला ती हवी होती. रात्री ह्यांच्यापाशी मी ते बोलूनही दाखवलं. हे म्हणाले, "मग घ्यायचीस ना." पुरुषांना हे कधी कळत नाही.

चार वर्षांपूर्वी हे गेले. मुलगा तीन विमानं बदलून आला, तीन आठवडे राहिला. नात तेव्हा वर्षाची होती आणि आजारी होती, म्हणून सुनेला येता आलं नाही. तो परत गेला त्या दिवशी मी पोळ्या नेहमीच्या अंदाजाने केल्या, आणि त्या दोन दिवस पुरल्या.

आमची चाळ पाडून तिथे टॉवर झाला त्याला बरीच वर्षं झाली. मी अकराव्या मजल्यावर राहते. मजल्यावर चार दारं आहेत आणि चारही बंद असतात. शेजारी चांगले आहेत, लिफ्टमध्ये हसतात. दिवसात माझ्याशी नक्की बोलतो तो वॉचमन, इंटरकॉमवरून, "मॅडम, पार्सल आया है," आणि पार्सल बहुतेक वेळा माझं नसतं. सकाळी रेडिओ लावते तो बातम्यांसाठी नाही, घरात माणसाचा आवाज असावा म्हणून. मी एकटी आहे हे मी कुणाला सांगत नाही. विचारलं तर म्हणते, मजेत.

भिंतीवर दोन घड्याळं आहेत, एक आपलं आणि एक त्यांचं. ते साडेसहा तास पुढे असतात. आपल्याकडे सकाळचे साडेअकरा वाजले की तिथे संध्याकाळचे सहा, तेव्हा फोन येतो, रविवारी. बाकीचे दिवस मी त्यांच्या भरतीवर लक्ष ठेवते. फोनमध्ये त्यांच्या भरतीचं वेळापत्रक आहे. त्यांची जमीन समुद्रापासून दोन पुरुषही उंच नाही. मोठ्या भरतीला पाणी रस्त्यावर येतं, अळूच्या खड्ड्यांत खारं पाणी शिरलं की अळू मरतो. अमावास्या-पौर्णिमेला इतर बायका उपासतापास करतात. मी तिथली भरती उतरेपर्यंत काही खात नाही. कुणाला सांगितलं तर वेड लागलं म्हणतील, म्हणून तेही सांगत नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या एका रविवारी सून एकटीच फोनवर होती. चेहरा गंभीर, केस विंचरलेले, फूल माळलेलं. एरवी आम्ही मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलतो. त्या दिवशी तिने मराठी वाक्य पाठ केलं होतं.

"आई, तू इकडे ये. आमच्याबरोबर राहा."

मी म्हणाले, "नको गं बाई. तुम्हाला कशाला त्रास? मी इथे मजेत आहे."

हे तोंडाने म्हणत होते तेव्हा डोक्यात मी कोणती बॅग न्यायची ते ठरवत होते. माळ्यावरची मोठी, की ह्यांची चाकांची? कोकम किती न्यावं, विमानात चालेल का? आता एखादी बाई पहिल्याच बोलावण्याला "हो, आलेच" म्हणाली तर तिला काय म्हणायचं? पहिलं नको हे म्हणायचंच असतं. मग समोरच्याने म्हणायचं, असं कसं, यायलाच हवं. मग आपण म्हणायचं, बघू. मग त्याने रागवायचं, आणि मग आपण जायचं. मी जन्मभर असंच जेवले आहे, असंच माहेरी राहिले आहे.

सून म्हणाली, "ओके, आई." आणि नातीला बोलावून आणते म्हणून उठली.

मला वाटलं, पुढच्या रविवारी विचारेल. दरम्यान मी पासपोर्टचा अर्ज केला. चौकशीला आलेल्या हवालदाराने विचारलं, "कुठे जायचं आहे?" मी म्हटलं, "अजून ठरलं नाही." पासपोर्ट आला, मी तो साड्यांखाली ठेवला. पुढचा रविवार गेला. त्याच्या पुढचा गेला. गणपती गेले, दिवाळी गेली. फोन नियमित येत होते, सगळे प्रेमाने बोलत होते, आणि ते वाक्य परत कुणी उच्चारलं नाही. मुलगाही नाही. मग मला उमगलं असं मी मानलं: रीत म्हणून विचारलं होतं. म्हातारीला एकदा विचारून मोकळे झाले. मला फार लागलं ते. काही रविवारी मी मुद्दाम दोन रिंग जास्त वाजू दिल्या.

त्या काळात मी मनोरीला जायला लागले. मार्व्याहून तरीच्या होडीत बसायचं, पाच-सात मिनिटांत पलीकडे. मनोरीला एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मध्ये माड. खाडीपासून समुद्रापर्यंत मी पावलं मोजत चालायचे. मुलगा म्हणतो, त्यांच्या गावात खारकच्छाच्या काठावरून निघालं की चार मिनिटांत महासागर. मनोरीला मला त्याच्या कितीतरी पट वेळ लागे. वाळूत बसून मी डबा खायचे. शेजारी पिकनिकला आलेली कुटुंबं एकमेकांना वाढत असायची. "घे गं, अजून एक घे. नको काय नको? घे!" मी तिकडे पाठ करून बसायचे.

भडका उडाला तो गेल्या मार्चमध्ये. मुलगा सहज म्हणाला, "अगं, हिची मावशी आलीय बाहेरच्या बेटावरून. आता आमच्याकडेच राहणार."

"छान," मी म्हणाले. मग राहवलं नाही. "मावशीला बोलावलंत. आई आहे दहिसरला, तिला दोन वर्षांत एकदा तरी म्हणालात, ये म्हणून?"

"आई, काय बोलतेस तू? हिने विचारलं होतं ना तुला! तू नको म्हणालीस."

"अरे, पहिल्यांदा नको म्हणतातच!"

"कोण म्हणतं?"

"सगळे म्हणतात! तू म्हणत नव्हतास? मामीकडे लाडू खाताना तीनदा नको म्हणायचास, गाढवा!"

मागे कुठेतरी कोंबडा ओरडत होता. मुलगा हळू आवाजात सांगायला लागला. मावशीला कुणी बोलावलेलं नव्हतं. तिने मागितलं, मला तुमच्याकडे राहू द्या. तिथे अशा मागण्याला बुबुस म्हणतात. आपल्या माणसाने मागितलं की नाही म्हणायचं नाही, साडी असो, होडी असो, की घरातला कोपरा. म्हणून कुणी उगाच मागत नाही. मागतात ते मनापासून, आणि एकदाच. नाही ऐकावं लागलं तर मागणाऱ्याची मान खाली जाते. परत विचारणं म्हणजे समोरच्याला कोंडीत पकडणं.

"हिने तुझ्यासाठी आधी मनेआबात जागा मागितली होती," तो म्हणाला. मनेआबा म्हणजे गावाचं मोठं सभागृह, केवड्याच्या पानांनी शाकारलेलं. त्याच्या छपराखाली प्रत्येक घराण्याची बसायची जागा ठरलेली असते, दुसऱ्याच्या जागेवर कुणी बसत नाही. "गावातल्या म्हाताऱ्यांसमोर उभी राहून म्हणाली, माझी सासू येणार आहे, तिला आमच्या जागेत बसू द्या. त्यांनी हो म्हटलं. मग तू नको म्हणालीस, आणि हिला परत त्यांच्यापुढे जाऊन सांगावं लागलं."

"आणि तुला रे? तुला तर माहीत होतं ना मी कशी बोलते?"

"मला वाटलं बाबांचं घर तुला सोडवत नाही," तो म्हणाला. "तू मजेत आहे म्हणतेस, आई. दर रविवारी म्हणतेस."

मी फोन ठेवला आणि भर दुपारी रडले.

म्हणजे आता मीच मागायला हवं होतं. सोपं होतं, नाही का? मागितलं की ती नाही म्हणणार नव्हती. आणि नेमकं तेच मला खुपत होतं. ती मावशीला नाही म्हणू शकली नाही, तशीच मलाही म्हणू शकणार नाही. मग मी तिला हवी आहे की फक्त गळ्यात पडले आहे, हे मला कसं कळणार? आपल्याकडे आग्रहावरून कळतं. चार वेळा ताट ओढून धरलं आणि तरी कुणी वाढलं, तर आपण त्या घरी हवे आहोत. तो आग्रह माझ्या वाट्याला तिथे कधीच येणार नव्हता. शिवाय मी कधी कुणाकडे काही मागितलेलं नाही. शेजारी वाटीभर साखर मागायला गेले नाही. ह्यांच्या आजारपणात हॉस्पिटलात रात्री बसायला कुणी आहे का, हेही विचारलं नाही.

दोन रविवार मी हवापाण्याचं बोलले. तिसऱ्या रविवारी सकाळी आंघोळ करून धुतलेली साडी नेसले. तीही त्या दिवशी केस विंचरून बसली होती ना, म्हणून. साडेअकराला फोन मीच लावला. सून घराबाहेरच्या चौथऱ्यावर बसली होती, मांडीवर केवड्याच्या पानांची गुंडाळी. अंगात माझी हिरवी साडी होती, कापून स्कर्ट शिवलेला. वर कुठेतरी तिचा भाऊ माडावर गात होता.

मी इंग्रजीची जुळवाजुळव केली नाही. "मला तुझ्याकडे यायचंय," मी म्हणाले. "तुझ्याकडे राहायचंय. मी इथे मजेत नाही. मला जागा दे."

तिला शब्द सगळे कळले असतील असं नाही. पण माझा आवाज कापत होता, आणि मागणं कसं असतं हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. तिने हातातलं पान खाली ठेवलं.

"हो, आई," ती म्हणाली.

बस. 'अय्या' नाही, 'किती छान' नाही, 'कधी येतेस' नाही. मी फोनकडे बघत बसले. माझी जुनी खोड, पुढचं वाक्य येईल म्हणून थांबले होते. ते आलं नाही. ती उठली आणि फोन हातात घेऊन चालायला लागली. मला तिचे पाय दिसले, पांढरी वाळू, एक कुत्रा, मग आभाळ. मग तिने वाकून एका खाली झुकलेल्या छपराखाली प्रवेश केला आणि सगळं अंधारलं. हळूहळू लाकडी वासे दिसले, उंच, एका रांगेत. हाच तो मनेआबा. एका खांबाजवळ ती बसली. तिच्या शेजारी सुतळीने बांधलेली एक वळकटी होती. वर धूळ साचलेली.

तिने फुंकर मारली, सुतळी सोडली. चटईच्या काठाला तपकिरी नक्षी होती.

"तू येत नाहीस असं मी सांगितलं तेव्हा," ती इंग्रजीत सावकाश म्हणाली, मला कळावं म्हणून, "म्हातारे म्हणाले, जागा दिली ती दिली. मी चटई इथेच ठेवली."

दोन वर्षं. मी मनोरीला पाठ फिरवून डबा खात होते, त्या सगळ्या दिवसांत ती चटई तिथे होती.

तिने चटई अंथरली, हाताने सपाट केली आणि फोनमध्ये माझ्याकडे पाहिलं.

"तुला हवी?"

माझ्या जिभेवर 'नको'मधला 'न' आलाच होता. मला माहीत होतं, ती परत विचारणार नाही.

"हवी," मी म्हणाले.

तिने मान हलवली. या वेळी तिने चटई गुंडाळली नाही.